लिफ्ट कोणी धरून ठेवली?

१००४ : रोज साडेआठला पाचव्यावर लिफ्ट कोण अडवून ठेवतंय? एक लिफ्ट आधीच बंद, दुसरी तीन-तीन मिनिटं हलत नाही. आज मुलीची बस चुकली

७०२ : मीच ताई, सॉरी. ५०३ चे आजोबा वॉकर घेऊन येतात ना, दार लागलं की परत लिफ्ट येईपर्यंत उभं राहावं लागतं त्यांना, म्हणून मी पाय घालून ठेवतो दारात

१००४ : चांगुलपणा मान्य रे बाळा, पण तो तुझ्या वेळेतून कर ना

९०१ : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र 😀

३०१ : असं काय बोलता, पोरगा थांबतोय हेच खूप आहे. आपल्यातले बाकीचे तर आजोबा दिसले तरी बटण दाबून मोकळे होतात, मी पण केलंय एकदा, खोटं कशाला बोलू

६०४ : यावर एक प्रयोग आहे, मी वर्गात दरवर्षी सांगते. १९७३ साली छापून आलाय, प्रिन्स्टनमध्ये पाद्री व्हायला शिकणारी ४० मुलं, त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं आणि वाटेत एक माणूस दाराशी खोकत कण्हत बसवला. निवांत वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. गंमत म्हणजे निम्म्या मुलांना भाषण द्यायचं होतं तेच मुळी वाटेत जखमी माणसाला मदत करणाऱ्याच्या गोष्टीवर!!

९०१ : म्हणजे मी वाईट नाही, मला उशीर झालाय. बायकोला दाखवतो हे

२०२ : आता मी बोलते. सगळ्यांच्या किल्ल्या माझ्याकडे, कुरियर माझ्याकडे, वरच्या काकूंच्या गोळ्या आणायच्या मी, आणि कोणी जबरदस्ती केली नाही हे पण खरं, मलाच नाही म्हणता येत नाही. मागच्या आठवड्यात ताप होता तरी किल्ली द्यायला दोनदा उठले, हसून दिली, दार लावलं आणि आईवर खेकसले, का तर तिने पाणी मागितलं. बाहेर सगळे म्हणतात किती करते ही, आईला विचारा

३०१ : अगं सांगायचंस ना ताप होता ते

१००४ : विमानात म्हणूनच सांगतात, आधी स्वतःचा मास्क लावा

६०४ : बरोबर, पण कारण बघा ना त्यामागचं. ३५,००० फुटांवर हवेचा दाब गेला तर माणूस धड विचार करू शकतो जेमतेम ३० ते ६० सेकंद, तेवढ्यात स्वतःचा लावायचा आणि लगेच शेजारच्याला लावायचा. आपण पहिला भाग तेवढा पाठ करतो आणि मग आरामात बसतो मास्क लावून. (हे २०२ ला नाही हं, तू लाव बाई आधी)

२०२ : 🙏 किल्ल्या आजपासून वॉचमनकडे

५०३ : नमस्कार. चष्मा सापडत नव्हता म्हणून आत्ता वाचले. माझ्यामुळे मुलीची बस चुकली याचे वाईट वाटते. मला फक्त खाली बाकावर बसायचे असते, साडेनऊ दहाला आलो तरी चालते. पण ७०२ चा मुलगा रोज दारात पाय घालून उभा असतो, त्याचे मन मोडू नये म्हणून मी घाईघाईने शर्ट चढवून निघतो. हल्ली गुडघ्याला ती घाई सोसत नाही.

७०२ : आजोबा काय सांगता!! मला खरं तर आठलाच निघायचं असतं, तुम्ही साडेआठला येता म्हणून मी घरी थांबून राहतो

९०१ : 😂😂😂

१००४ : तीन महिने तुम्ही दोघं हे करताय आणि कोणी एकमेकांना विचारलं नाही???

५०३ : विचारायचे कसे, तो इतका आनंदाने थांबतो.

१००४ : आजोबा तुम्ही दहाला या, मी घरूनच काम करते, तेव्हा मी उतरेन तुमच्याबरोबर

५०३ : तुम्हाला खरोखर सोयीचे आहे ना? की माझ्यासाठी?

१००४ : ... साडेदहा जमेल?

५०३ : उत्तम.