मदत हवी आहे: ट्रेकमध्ये रात्र काढायची वेळ आली तर ऊब कशी राखावी?

गेल्या महिन्यात उतरताना मी आणि बहीण धुक्यात वाट चुकलो. पायवाट समजून ज्या घळीत शिरलो ती पाण्याची वाट निघाली, पुढे सरळ कडा. अंधार पडला, मोबाईल 9 टक्क्यांवर. रात्र खडकाच्या आडोशाला काढली. घामाने भिजलेला टीशर्ट अंगावर गार पडत गेला. बहिणीचे दात वाजायचे थांबेनात, तो आवाज अजून कानात आहे.

तेव्हापासून शिट्टी, हेडटॉर्च, जादा सेल आणि कोरडा टीशर्ट सॅकमध्ये कायम असतो. मिनिटाला 6 शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, हा मदतीचा संकेतही पाठ केलाय. नकाशा आधीच मोबाईलवर उतरवून ठेवते, कारण जीपीएसला रेंजची गरज नसते, पण नकाशा उघडायला असते.

अडलंय ते ऊब राखण्यापाशी. चंदेरी फॉइलचं पातळ ब्लँकेट घरी उघडून पाहिलं तर घडीवरच फाटलं. त्याऐवजी बिव्ही, म्हणजे आत शिरून झोपायची पिशवी, घ्यावी का? आत दमट होऊन कपडे ओले होतात का? ज्यांनी खरंच अशी रात्र काढली आहे त्यांनी कृपया सांगा. आणि उपग्रहामार्फत मदतीचा संकेत पाठवणारं पीएलबी हे यंत्र कोणी वापरतं का? पुढच्या आठवड्यात पुन्हा निघायचंय, बहीणही येतेय.