आमचे काम मनिलाला जात आहे, आणि ते शिकवून द्यायचे आहे आम्हीच

रात्रपाळी, सुदामा नगर, इंदूर

गेली तेरा वर्षे मी इंदूरमध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या विमा-दाव्यांचे काम करते. नाकारला गेलेला दावा उघडायचा, तो का नाकारला हे शोधायचे, राहिलेले कागद जोडायचे, विमा कंपनीला फोन करायचा आणि पैसे जमा होईपर्यंत पाठ सोडायची नाही, असे हे काम. आमच्याकडे त्याला ‘डिनायलची प्रोसेस’ म्हणतात. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात, त्यामुळे देवापाशी दिवा लावून मी घराबाहेर पडते आणि पहाटे कॅब मला कोपऱ्यावर सोडते, तेव्हा दूधवाला नुकताच आलेला असतो.

मागच्या महिन्यात आम्हाला सांगण्यात आले की आमच्या क्लायंटचे काम टप्प्याटप्प्याने मनिलाला जाणार असून बारा आठवड्यांत केटी, म्हणजे तिथल्या लोकांना काम शिकवून देणे, पूर्ण करायचे आहे. काहीजणांना दुसऱ्या प्रोसेसमध्ये सामावून घेऊ, असे तोंडी आश्वासन मिळाले आहे. चौघींना मात्र एचआरने एकेकीला बोलावून सांगितले की, स्वतःहून राजीनामा दिलात तर अनुभवाचे पत्र चांगले मिळेल. त्या चौघींत मी आहे.

माझ्या मनाला लागलेली गोष्ट याहून थोडी वेगळी आहे. हे काम आमच्याकडे २०१३ मध्ये ओहायोतल्या एका कार्यालयातून आले. तिथल्या एका बाईंनी मला तीन आठवडे फोनवर शिकवले. दावा का नाकारला ते सांगणारे संकेतांक, म्हणजे सीओ-१६ म्हणजे माहिती अपुरी, सीओ-२९ म्हणजे मुदत उलटली, हे कोणत्याही तक्त्यात सापडतात. पण ‘उपचार आवश्यक नव्हता’ असे म्हणून सीओ-५० खाली नाकारलेला गुडघ्याच्या एमआरआयचा दावा, आधीच्या सहा आठवड्यांच्या फिजिओथेरपीच्या नोंदी जोडल्या तर पुन्हा उभा राहू शकतो, हे त्यांनी हाताने लिहिलेल्या वहीत होते. त्या वहीची एक्केचाळीस पाने स्कॅन करून त्यांनी मला पाठवली. त्यांत रुग्णांची नावे नाहीत, फक्त युक्त्या आहेत. १ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेत निदानाचे संकेतांक बदलले आणि चौदा हजारांच्या आसपास असलेले संकेतांक एकदम सत्तर हजारांच्या घरात गेले, तेव्हा मी त्याच पानांच्या समासात भर घालत गेले. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी बोलता बोलता कळले की तो त्या बाईंच्या नोकरीचाही शेवटचा दिवस होता. मी ‘थँक यू’ म्हटले आणि फोन ठेवला. याहून अधिक काय बोलावे ते तेव्हा मला सुचले नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. वहीतले सगळे मनिलाच्या मुलीला द्यावे, की काही हातचे राखावे, म्हणजे निदान काही महिने तरी आमची गरज उरेल? आणि राजीनाम्याचे काय करावे?

गिरणीवाल्याचा मुलगा, परदेशीपुरा

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला वेळेची मर्यादा आहे: राजीनाम्यावर सही करू नका.

माझे वडील इथल्याच एका कापडगिरणीत साच्यावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा परदेशीपुऱ्यात घराघरांत दुपारी पुरुषमाणसे दिसू लागली. आम्हा मुलांना त्याचेच आधी नवल वाटले आणि मग भीती वाटली. वडिलांना तोंडी सांगितले होते की हिशेब होईल, काळजी करू नका. पुढे हिशेबाची वेळ आली तेव्हा भविष्यनिधीच्या कागदावर त्यांचे नाव ‘दत्तात्रय’ आणि हजेरीच्या कार्डावर ‘दत्तात्रेय’ निघाले, आणि त्या एका मात्रेपायी त्यांनी किती चकरा मारल्या ते मी पाहिले आहे. आईने सगळ्या पगारचिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या म्हणून शेवटी निभावले.

हुकुमचंद मिलची गोष्ट तर सगळ्या शहराला ठाऊक आहे. ती नव्वदच्या दशकाच्या आरंभी बंद झाली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये वाटपासाठी मोकळे झाले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी. सुमारे ४,८०० कामगारांचा तो पैसा होता, आणि मधल्या तीस वर्षांत त्यांतले कितीतरी वारले. पैसे घ्यायला विधवा आणि मुले आली. तुमच्याकडे यंत्रे नाहीत, जमीन नाही, विकून थकबाकी भागवता येईल असे काहीच नाही. कामाची फाइल मनिलाला गेली की इथे खुर्च्या तेवढ्या उरतील. म्हणून आजच नेमणुकीचे पत्र, सगळ्या पगारपावत्या, भविष्यनिधीचे पासबुक आणि पदोन्नतीची पत्रे घरच्या संगणकावर उतरवून घ्या, आणि आधार, पॅन व भविष्यनिधी यांत नाव अक्षरशः एकच आहे का ते तपासा. एचआर जे तोंडी सांगते ते त्याच रात्री ईमेलने त्यांनाच लिहून कळवा: आज आपण असे असे म्हणालात, माझ्या समजुतीत चूक असेल तर कळवावे. उत्तर आले नाही तरी तो ईमेल पुढे उपयोगी पडेल.

कामगार कायदा, राजेंद्र नगर

काकांचे म्हणणे कायद्याच्या भाषेत मांडतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. कामगार वर्षभराहून अधिक काळ सलग नोकरीत असेल आणि मालकाने त्याला कमी केले, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. तेरा वर्षांचे १९५ दिवस होतात, म्हणजे ठोकळ हिशेबाने साडेसहा महिन्यांचा पगार. याखेरीज पुनर्कौशल्य निधीतून पंधरा दिवसांचे वेतन कामगाराच्या खात्यात ४५ दिवसांच्या आत जमा व्हायचे असते. राजीनामा दिलात की हे सगळे बुडते, आणि म्हणूनच तो गोड शब्दांत मागितला जातो.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळते, कारण तुमची पाच वर्षे केव्हाच पूर्ण झाली आहेत. तिच्यासाठी धरले जाणारे शेवटचे वेतन २४,००० असेल, तर त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि तेराने गुणायचे: १,८०,००० रुपये. ती रक्कम तुमच्या हक्काचीच आहे, त्यामुळे ‘राजीनामा द्या, ग्रॅच्युइटी लगेच देतो’ असे कोणी म्हणाले तर ती सवलत समजू नका.

दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. तीनशेहून कमी नव्हे इतके कामगार असले की सरकारची पूर्वपरवानगी लागते, असे तुम्ही ऐकले असेल. ती तरतूद कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती आहे, तुमच्यासारख्या कार्यालयाला तिचा आधार नाही. दुसरी अडचण पदाची आहे. व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतनावर देखरेखीचे काम करणारे लोक ‘कामगार’ या व्याख्येतून वगळले जातात. तुमच्या ओळखपत्रावर ‘टीम लीड’ असेल तर कंपनी त्याच्यावर बोट ठेवेल, पण पाहिले जाते ते प्रत्यक्ष काम. तुम्ही रोज किती दावे स्वतः हाताळता त्याचे अहवाल, रुग्णांची माहिती वगळून, हाताशी असू द्या. राज्याच्या श्रमायुक्तांचे मुख्य कार्यालय आपल्या इंदूरमध्येच आहे. चौघी मिळून एकच अर्ज घेऊन जा, एकेकट्या जाऊ नका.

मूळचा रामबागचा, सध्या कोलंबस, ओहायो

मी त्याच राज्यात वीस वर्षे आहे, म्हणून त्या बाईंबद्दल वाचून थांबलो. इथे १९८८ चा एक कायदा आहे: शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने मोठी कपात करायची तर साठ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी. म्हणजे तुम्हाला शिकवत असताना बहुधा त्यांना आपली तारीख माहीत होती. परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी सरकारी योजनाही तेव्हा चालू होती. जुलै २०२२ पासून ती नव्या अर्जांसाठी बंद आहे.

इथे लोकांचा राग आहे आणि तो खोटा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्याच राज्याच्या सिनेटरने, बर्नी मोरेनो यांनी, परदेशात काम करून घेण्यासाठी दिलेल्या पैशांवर २५ टक्के कर बसवण्याचे विधेयक मांडले. तसा कायदा झाला तर तो इंदूर आणि मनिला असा भेद करणार नाही, हे ध्यानात असू द्या.

हातचे राखण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मी एका सहकाऱ्याला तसे करताना पाहिले. त्याला दोन महिने अधिक मिळाले, पण ते दोन महिने तो सतत पकडले जाण्याच्या धास्तीत होता आणि पुढच्या नोकरीसाठी त्याची शिफारस करायला कोणी उरले नाही. तुम्हाला मिळू शकणारी भरपाई कायद्यातून येते, वहीतून येत नाही. वही मोकळ्या मनाने द्या, सही देऊ नका.

रात्रपाळी, सुदामा नगर, इंदूर

तिघांचीही मी ऋणी आहे. काकांनी सांगितल्याप्रमाणे ईमेल काल पाठवला; उत्तर आलेले नाही. चौघींचा अर्ज तयार होत आहे आणि राजीनामा कोणीही दिलेला नाही.

वहीबद्दल सांगते. नाकारलेल्या रकमेपुढे ‘सीओ’ असेल तर तोटा डॉक्टरचा असतो, ‘पीआर’ असेल तर बिल रुग्णाच्या घरी जाते. ओहायोच्या बाईंनी पीआरच्या प्रत्येक नोंदीपाशी समासात हिरवी रेघ ओढलेली आहे, आणि पहिल्या पानावर लिहिले आहे की या नोंदी आधी उघडा. इतकी वर्षे मी तो क्रम पाळला. हातचे राखायचे म्हटले असते तर याच युक्त्या राखल्या गेल्या असत्या, कारण त्याच सर्वांत कठीण आहेत, आणि मग ते बिल तिकडच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाने भरले असते.

काल रात्री मी मनिलाच्या मुलीला हिरव्या रेघेची पाने आधी पाठवली. तिची घड्याळे आपल्यापुढे अडीच तास असतात, त्यामुळे माझे साडेअकरा म्हणजे तिचे रात्रीचे दोन. समासातले अक्षर दोन माणसांचे दिसते, एक कोणाचे, असे तिने विचारले. मी तिला ओहायोच्या बाईंबद्दल सांगितले, २०१३ बद्दल सांगितले, आणि माझ्या टेबलावरचे काम कोणत्या तारखेला संपणार तेही सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले की तुझे नाव पहिल्या पानावर लिहू का. मी दोन्ही नावे लिहायला सांगितली.