अक्कलदाढेमागची हिरडी पुन्हा पुन्हा सुजते, दाढ काढावीच लागेल का?

प्रश्न:
वय २३. खालच्या उजव्या अक्कलदाढेचं फक्त एक टोक वर आलंय, बाकी दाढ हिरडीखाली. दर दोन-तीन महिन्यांनी तिथली हिरडी सुजते, ठणका कानापर्यंत जातो, आ करताना जबडा आखडतो. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं की बरं वाटतं, मग पुन्हा तेच. लवंगेचं तेल चालेल का?

प्रतिसाद १:
अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीचा पदर राहतो. त्याखाली अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, जंतू वाढतात. हिरडी सुजली की वरची दाढ तिच्यावर चावते आणि सूज आणखी वाढते. गोळीनं जंतू दबतात, पण अडकलेली घाण तिथंच राहते. म्हणून दुखणं उलटतं. सूज असताना पहिला उपाय म्हणजे दंतवैद्यांकडून बोथट सुईच्या सिरिंजनं पदराखालची जागा सलाइननं धुऊन घेणं.

तोवर घरी: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ, चूळ त्या बाजूला अर्धा मिनिट घोळवायची. दिवसातून चार वेळा, जेवणानंतर न चुकता. बाहेरून गरम शेक नको, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा. दुखतंय म्हणून तिथला ब्रश बंद करू नका; लहान डोक्याचा मऊ ब्रश हलक्या हातानं फिरवा.

लवंगेचं तेल तसंच लावलं तर हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी गालात धरणं तर त्याहून वाईट, पांढरा चट्टा पडून साल निघते.

प्रतिसाद २:
वेदनेसाठी पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅच्या एक-दोन गोळ्या, मध्ये किमान सहा तास, दिवसाला आठच्या वर कधीच नाही. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आयबुप्रोफेन जेवणानंतरच, अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपणात नको. कॉम्बिफ्लाममध्ये ही दोन्ही औषधं असतात, त्यामुळे तिच्यासोबत वेगळी पॅरासिटामॉल घेताना हिशेब ठेवा.

अँटिबायोटिक लागतं ते ताप, जबडा न उघडणं किंवा सूज पसरणं अशा वेळी, आणि ते तपासूनच. मेट्रोनिडाझोल दिलं तर दारू पूर्ण बंद, संपल्यानंतरही दोन दिवस.

तोंडात दोन बोटंही उभी मावत नसतील, गिळताना त्रास, लाळ गळणं, आवाज बदलणं, हनुवटीखाली टणक सूज किंवा श्वास लागणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जा. हा संसर्ग गळ्यात उतरून श्वास बंद करू शकतो.

प्रतिसाद ३:
वारंवार होतंय म्हणजे काढण्याकडेच कल ठेवा. सूज उतरल्यावर ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात. त्यात दाढेचा तिरकेपणा कळतो आणि मुळं खालच्या जबड्यातल्या नसेच्या किती जवळ आहेत तेही. नस दुखावली तर ओठ-हनुवटी बधिर राहू शकते, तेव्हा हा प्रश्न सर्जनना स्पष्ट विचारा. नुसता पदर कापणं दाढ सरळ आणि जागा पुरेशी असेल तरच उपयोगी, नाहीतर तो पुन्हा वाढतो. कधी कधी चावणारी वरची अक्कलदाढ काढली तरी मोठा आराम पडतो.

क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के माउथवॉश दिला तर १० मिली, एक मिनिट, दोन वेळा. ब्रशनंतर अर्ध्या तासानं, कारण टूथपेस्टमुळे त्याचा असर कमी होतो. दोन आठवड्यांहून जास्त नको, दातांवर तपकिरी डाग पडतात.

आणि घरात कुणी मिश्री लावत असेल तर हिरडीतून रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, रोग आत वाढत राहतो.