नळदुर्गचा पाणीमहाल नेमका कुणी बांधला?

औशाची लेक:
रविवारी तुळजापूरला देवीचं दर्शन घेऊन मुलांसोबत नळदुर्गला गेले. मामा म्हणतात, किल्ला नल राजाचा. गाडीवाला म्हणाला, निजामानं बांधला. खरं काय? आम्ही गेलो तेव्हा बंधाऱ्यावरून पाणी पडत नव्हतं. पडतं तेव्हा आतली खोली कोरडी कशी राहते?

बोरीकाठ:
ताई, नल राजा ही गावाच्या नावामागची दंतकथा. किल्ला आधी बहमनींकडे होता, मग विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. आजची भक्कम दगडी तटबंदी पहिल्या अली आदिलशहाच्या काळातली. बोरी नदी अडवून पलीकडच्या रणमंडळ या जोडकिल्ल्यापर्यंत बंधारा घातला आणि त्याच्या पोटात महाल केला तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळी, 1613 साली. निजाम पुष्कळ नंतरचा हो! आदिलशाहीचं श्रेय त्याला दिलेलं ऐकलं की जीव तुटतो.

नदीला पाणी आलं की ते बंधाऱ्याच्या माथ्यावरच्या दोन सांडव्यांतून बाहेर झेपावतं. तेच आपले नर आणि मादी धबधबे. महाल भिंतीच्या आत असल्यानं धार खिडकीसमोरून खाली जाते.

मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांचा हात धरून त्या अंधाऱ्या पायऱ्या उतरलो होतो. आधी नुसता घुमारा ऐकू आला. खाली पोचलो तर खिडकीभर पांढरंशुभ्र पाणी. वडील काहीतरी सांगत होते, ओठ हलताना दिसत होते, शब्द एक नाही. दगडावर तळहात टेकवला तर तो थरथरत होता. त्याच भिंतीवर आता लोक खिळ्यानं नावं कोरतात. मुलांना एवढं सांगाच, बाई.

सोलापूर रोड:
यात 1948 ची भर घालतो. 13 सप्टेंबरला, निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या लष्करी कारवाईच्या, म्हणजे पोलीस ॲक्शनच्या, पहिल्याच दिवशी, भारतीय फौज सोलापूरकडून इथं आली. बोरीवरचा पूल हातात आल्याशिवाय हैदराबादचा रस्ता मोकळा होणार नव्हता. आजी सांगायची, त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही.

औशाची लेक:
मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पावसाळ्यात मीच येतो सोबत. अजून काय बघावं?

बोरीकाठ:
उपळ्या बुरूज. पायऱ्या उंच आहेत, मामांना सावकाश चढवा. वर हत्ती तोफ आणि मगर तोफ आहे. मगर तोफेचं तोंड मुलांना आधी हातानं चाचपू द्या, नाव त्यांचं त्यांनाच ओळखू द्या.