मुलीच्या पोटगीची थकबाकी आणि रक्कम कमी करण्याचा अर्ज

ऐरोलीकर: ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी दरमहा १२,००० रुपये पोटगी ठरवून दिली आहे. गेल्या गणपतीपासून एक रुपयाही आलेला नाही. वकिलांमार्फत नोटीस गेल्यावर तिच्या वडिलांनी, नोकरी सुटल्याचे सांगून, ही रक्कम ४,००० करावी असा अर्ज केला आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत थकबाकी मागता येणार नाही, असे सासरची मंडळी म्हणतात. हे खरे आहे का?

जुना वकील: नाही, ताई. न्यायालयाने स्थगिती दिली नसेल, तर नुसत्या अर्जाने जुना आदेश थांबत नाही. परिस्थिती बदलल्याचे सिद्ध झाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम कमी होऊ शकते. परंतु ती साधारणपणे पुढच्या काळासाठी, मागची बाकी त्याने पुसली जात नाही. तुमची खरी अडचण मुदतीची आहे. कलम १४४ खाली वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज दाखल व्हावा लागतो. म्हणून पुढचे गणपती येण्याची वाट पाहू नका. वॉरंट निघूनही पैसे भरले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि ती भोगल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे.

कळव्याचा एक बाप: मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. रबाळ्यातील कंपनीने कमी केले, त्याच आठवड्यात मी कार्यमुक्तीचे पत्र जोडून अर्ज केला आणि जमेल तेवढी रक्कम मुलाच्या खात्यात भरत राहिलो. न्यायालयाने रक्कम कमी केली, ती माझ्या मते त्यामुळेच. नोटीस आल्यावरच ज्याला बेकारी आठवते, त्याच्याकडून मालमत्ता व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र अवश्य मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून ते दोन्ही पक्षांना द्यावे लागते, म्हणजे तुमचेही तयार ठेवा.

ऐरोलीकर: वकिलांची फी परवडली नाही तर?

जुना वकील: ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जाताना आदेशाची प्रमाणित प्रत, बँकेचा उतारा आणि महिनावार तक्ता न्या: देय किती, जमा किती, बाकी किती. त्यांना नवी नोकरी लागल्याचे कळले, तर पगारातून परस्पर कपातीची मागणीही त्याच अर्जात घाला.