मदत हवी आहे: वादी रमच्या बर्रा घळीत चढाई, संपर्काची सोय कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मार्चअखेरीस आम्ही चौघं जॉर्डनमधल्या वादी रमच्या वाळवंटात चढाईसाठी जातोय. तिघं पुण्याहून, मी दुबईहून. रम गावालगतच्या कड्यांची माहिती भरपूर मिळते, कारण १९८४ पासून ब्रिटिश गिर्यारोहक टोनी हॉवर्ड आणि साथीदारांनी बदूंसोबत (तिथल्या वाळवंटी टोळ्यांसोबत) हिंडून तिथल्या वाटा नोंदवल्या आहेत. आमचं मन मात्र बर्रा घळीवर बसलंय. दोन्ही बाजूंना वालुकाश्माच्या भिंती, मधे पाचेक किलोमीटर वाळू, आणि तिथली 'मर्लिन्स वाँड' ही भेगेतली रूट (चढाईची वाट), फोटोत पाहिल्यापासून डोक्यातून जात नाही.

जीपवाला सकाळी सोडून संध्याकाळी न्यायला येईल. मधल्या वेळात कुणाचा पाय मोडला तर? तैलबैल्याला किंवा नागफणीला पायथ्याशी गाव असतं, फोन लागतो, रेस्क्यूची मुलं निघतात. घळीत मोबाइलला रेंज नाही, आणि मोठं हॉस्पिटल थेट अकाबाला, रमपासून ६० किलोमीटरवर.

सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून निरोप पाठवणारं उपकरण) न्यावा असं वाटत होतं, पण भारतात परवान्याशिवाय तो बाळगता येत नाही. मग तिथे जाऊन आलेले लोक काय करतात?

दुसरं, आमचा सगळा सराव बेसॉल्टवर, खडकात बसवलेल्या बोल्टवर आणि ठोकायच्या पेगवर (खिळ्यांवर). वालुकाश्मात फ्रेंड्स (पडलो तर दोर धरावा म्हणून भेगेत अडकवायची स्प्रिंगची उपकरणं) कितपत धरतात?

प्रतिसाद

मुंबईहून निघणाऱ्यांनी ते उपकरण बॅगेत टाकूच नका. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पाहुणीला त्यावरूनच अडवलं होतं.

तुम्ही चौघं आहात, हीच तुमची खरी सोय. दोन-दोनच्या जोड्या करा आणि शेजारशेजारच्या रूटवर चढा, एकमेकांना हाक ऐकू जाईल इतक्या जवळ. जीपवाल्याला कागदावर लिहून द्या: कोणती भिंत, किती वाजता खाली येणार, आणि किती वाजेपर्यंत दिसला नाहीत तर माणसं घेऊन यायचं. नुसतं 'संध्याकाळी या' म्हणू नका. बदूंना ते कडे पाठ आहेत, शिकारीसाठी त्यांचे वाडवडील तिथूनच चढत. शक्यतो घळीतच मुक्काम करा आणि पाणी माणशी रोज पाच लिटर धरा.

फ्रेंड्सबद्दल: खडकाचा वरचा पापुद्रा बऱ्याच ठिकाणी कडक आणि आतला भाग भुसभुशीत असतो. भेगेच्या तोंडाशी लावलेला फ्रेंड झटका बसला की कड फोडून बाहेर येतो. खोल लावा, एक साइज मोठा मिळाला तर तो लावा, आणि जवळजवळ लावा. तुमच्या हातातली पेग ठोकायची सवय इथे उपयोगाची नाही, हातोडा घरीच ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाऊस. भिजला की हा दगड कमजोर होतो, आणि वरून कोरडा दिसला तरी आत ओल राहते. सर पडून गेली तर निदान एक पूर्ण दिवस, जोराची असेल तर दोन-तीन दिवस चढू नका. आभाळ भरलं असेल तर अरुंद घळीत तंबूही नको. २०१८ च्या ऑक्टोबरात मृत समुद्राजवळ अशाच अचानक आलेल्या पुरात सहलीची शाळकरी मुलं वाहून गेली.

उतरताना जुन्या स्लिंगवर (आधीच्यांनी दोर अडकवायला बांधून ठेवलेल्या पट्ट्यांवर) विसंबू नका. उन्हाने त्या कमजोर होतात. बांधायला स्वतःची टेप (पट्टी) आणि ती कापायला सुरी जवळ ठेवा.

धागाकर्ती

मनापासून आभार! शेजारशेजारच्या रूटचं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पेगचा नाद सोडला. मोठ्या साइजचे फ्रेंड्स आमच्याकडे एकेकच आहेत, आणि वाँडला बहुतेक दोन-दोन लागतील. पुण्यात किंवा दुबईत कुणी पंधरा दिवसांसाठी देऊ शकेल का? आणि मुक्कामाच्या रात्री जीप घळीतच थांबवून ठेवायची असेल तर बदू ते मान्य करतात का?