मदत हवी आहे: नाकाशिमांसारखी डमरू-चावी भेगेवर बसवायची आहे
सुतारकामाला लागल्यापासून जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) या जपानी वंशाच्या अमेरिकन फर्निचर-कारागिराने मला वेड लावलंय. मूळचे आर्किटेक्ट. पाँडिचेरीतल्या अरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या इमारतीवर त्यांनी काम केलं. १९४२ मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, आणि तिथे एका जपानी सुताराच्या हाताखाली ते पारंपरिक हत्यारं चालवायला शिकले. केवढी जिद्द!

भेग पडलेली फळी ते बाद करत नसत. भेगेवर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी चावी ठोकून ती उघड दिसू देत.

मला तेच जमवायचंय. अक्रोडाची दीड इंची फळी आहे, टोकाकडून भेग आलीय, तोंडाशी दीड सूत रुंद. आधी सरावाच्या तुकड्यावर शिसवाची चावी केली, तिचे रेषे भेगेला काटकोनात ठेवले. पण पटाशीने खाच काढताना डमरूच्या कंबरेचा कोपरा दरवेळी ढलपून जातो आणि केसभर फट उरते.

खाच किती खोल घ्यावी, निम्मी की आरपार? चावीला खालच्या बाजूने किंचित उतार द्यायचा का? आणि कंबरेजवळ पटाशी कुठल्या बाजूने चालवता? हाताने हे काम केलेल्यांनी कृपया सांगा, खरी फळी अजून तशीच ठेवलीय.